मार्पोल: समुद्र वाचला की नुसती वही भरली?

दर्यावर्दी: काल 'काठावरचा' यांनी लिहिलं की मार्पोल (जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार) म्हणजे कागदी घोडे, जहाजं अंधारात हवं ते ओततात आणि सकाळी ऑइल रेकॉर्ड बुक, म्हणजे जहाजावरच्या तेलाची नोंदवही, चोख भरतात. एका ओळीत पन्नास वर्षांवर बोळा फिरवलात, म्हणून सविस्तर लिहितोय. मार्पोलच्या आधी टँकर माल उतरवून त्याच टाक्यांत बॅलास्टचं, म्हणजे रिकामं जहाज स्थिर ठेवण्यासाठीचं, पाणी भरायचे आणि ते तेलकट पाणी सर्रास समुद्रात सोडायचे. तो अपघात नव्हता, रोजचा रिवाज होता. आज बॅलास्टच्या टाक्या वेगळ्या आहेत, आणि कच्च्या तेलाच्या टाक्या त्याच तेलाच्या फवाऱ्याने धुतात. ७०० टनांवरच्या गळती १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी २४च्या वर होत्या, २०१०च्या दशकात दोनच्याही आत आल्या. हे कागदी घोड्यांनी केलं?

काठावरचा: मोठी गळती जगाला दिसते, म्हणून कमी झाली. बिल्जचं, म्हणजे इंजिनरूमच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्याचं, काय? २०१६मध्ये प्रिन्सेस क्रूझने गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरला. मॅजिक पाइप, म्हणजे शुद्धीकरण चुकवणारा चोरटा पाइप, लावून वर्षानुवर्षं तेलकट पाणी सोडत होते. हे तपासणीत सापडलं नाही, नव्याने लागलेल्या एका इंजिनियरने सांगितलं म्हणून कळलं. आणि टँकरच्या दुहेरी कवचाचं श्रेय मार्पोलला देणार असाल तर आधीच सांगतो: एक्झॉन वाल्डेझ टँकरच्या तेलगळतीनंतर अमेरिकेने १९९०मध्ये स्वतःचा कायदा केला, मार्पोल १९९२मध्ये त्याच्या मागून आलं.

दर्यावर्दी: मागून आलं, मान्य. पण जगभर लागू झालं ते मार्पोलमुळेच.

बिल्जवाला: मी फोर्थ इंजिनियर असताना सेपरेटर (बिल्जच्या पाण्यातलं तेल वेगळं करणारं यंत्र) सारखा तुंबायचा. पाण्यातलं तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) वर गेलं की मीटर ओरडतो आणि पाणी परत टाकीत वळतं. चीफ म्हणाले, "मीटरला गोडं पाणी दे," म्हणजे तो पाणी स्वच्छ दाखवेल. मी नाही म्हटलं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं नाही. पण त्या चीफवरही माझा राग नाही. स्लजची, म्हणजे तेलकट गाळाची, टाकी काठोकाठ भरलेली, आणि दोन बंदरांनी तो उतरवून घ्यायला बार्ज (माल नेणारी सपाट बोट) दिला नव्हता. घाण उतरवून घेण्याची सोय करणं ही देशांची जबाबदारी, हे मार्पोलमध्येच लिहिलंय. ती सोय नसली तर कुणाला बेड्या पडतात? इंजिनरूमवाल्याला.

धुराडं: बिल्ज राहू द्या, स्क्रबरवर, म्हणजे जहाजाचा धूर धुणाऱ्या यंत्रावर, कुणीच का बोलत नाही? १ जानेवारी २०२०पासून इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५वर आणलं, टाळ्या पडल्या. मग त्याच नियमांनी पळवाट दिली: जुनंच जड तेल जाळा, धूर समुद्राच्या पाण्याने धुवा आणि ते पाणी परत समुद्रात सोडा. आकाशातली घाण पाण्यात!

दर्यावर्दी: धुरातल्या गंधकाचं पाण्यात सल्फेट होतं, आणि समुद्रात ते मुळातच भरपूर आहे. धूर धुतलेल्या पाण्याच्या आम्लतेवरही मर्यादा आहे.

धुराडं: सल्फेटचं कोण बोलतंय? त्या पाण्यात निकेल, व्हॅनेडियम आणि कर्करोगाला कारण ठरणारे तेलातले घटक असतात. काही धोका नसता तर सिंगापूरने २०२०पासून बंदरात ओपन लूपवर, म्हणजे धुतलेलं पाणी थेट समुद्रात सोडणाऱ्या स्क्रबरवर, बंदी का घातली? तुम्ही मालकाची बाजू मांडताय.

दर्यावर्दी: मालकाची? तीस वर्षं मी डेकवर काढली आहेत, शब्द जपून वापरा. धूर काठावरच्या माणसांच्या फुप्फुसात जायचा, तो कमी झाला हे खरं की खोटं?

धुराडं: खरं. पण त्याची किंमत माशांनी का मोजायची?

काठावरचा: विषय माझ्या पोस्टचा होता, तो स्क्रबरने गिळला. असो. टँकरबाबत मी चुकलो, तिथे नियमांनी काम केलं. बिल्जबाबत शब्द मागे घेणार नाही.

बिल्जवाला: बिल्जचा उपाय अवघड नाही. बाल्टिकच्या बंदरांत स्लज आणि कचरा उतरवण्याचा खर्च बंदराच्या शुल्कातच धरतात, उतरवा किंवा उतरवू नका. पैसे भरलेलेच असतील तर ओतून वाचणार काय? हे सगळीकडे करा.

दर्यावर्दी: यावर माझा वाद नाही. स्क्रबरबद्दल मात्र वेगळा धागा काढा, तिथे उत्तर देतो.