मदत हवी आहे: झिओलाइट जाळून साफ केला, तरी बायो-ऑइल सुधारेना

सांगलीत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बाभळीच्या भुशापासून बायो-ऑइल (भुसा हवेशिवाय तापवून निघणाऱ्या वाफांचं तेल) काढतोय. भुसा मिरजेच्या वखारीतला, १ मिमीच्या चाळणीतून चाळून १०५ अंशांवर रात्रभर वाळवलेला. एका वेळी ५० ग्रॅम, नायट्रोजनमध्ये, ५०० अंश सेल्सिअस. झेडएसएम-५ (सच्छिद्र झिओलाइट, तेल सुधारणारा उत्प्रेरक) मी भुशात मिसळत नाही. वरच्या बाजूला क्वार्ट्झ लोकरीवर वेगळा थर आहे, त्यामुळे राख थेट लागण्याचा प्रश्न नसावा. झेडएसएम-५ वर ५ टक्के निकेल चढवलंय, नायट्रेटच्या द्रावणात भिजवून, ५५० अंशांना भाजून.

उत्प्रेरकाशिवाय डांबरासारखं, नाकात बसणाऱ्या धुरकट वासाचं तेल येतं, पीएच २.५ च्या आसपास. उत्प्रेरक घातल्यावर तेल घटलं (ते अपेक्षितच), पण पाणी आणि तेल असे दोन स्वच्छ थर पडले. तिसऱ्या फेरीला मात्र पुन्हा तोच एकजीव काळा काढा! दाणे कोळशासारखे झाले होते. हवेत ५५० अंशांवर ५ तास जाळले. पूर्वीचा हिरवट-करडा रंग परत आला, गुण काही आला नाही. नुसता, निकेल नसलेला झेडएसएम-५ मात्र असाच जाळल्यावर बऱ्यापैकी सावरतो, म्हणून संशय निकेलवर आहे.

भट्टी थेट ५५० वर नेली होती, हवाही पूर्ण सोडली होती. चूक तिथेच झाली असावी का? पृष्ठफळ किंवा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणारी) तपासणी इथे नाही, नमुना कोल्हापूरला पाठवावा लागतो आणि पैसे एकाच नमुन्यापुरते आहेत. मग निकेलचे कण एकत्र आलेत की जाळताना निघालेल्या पाण्याच्या वाफेने झिओलाइटच्या चौकटीतलं ॲल्युमिनियम सुटलंय, हे ओळखायला कोणती एक तपासणी करू?