पखवाजाच्या खोडावरचा ऑइल पेंट कसा काढायचा?

मखमलाबादकर
रामकृष्णहरी. आजोबांचा पखवाज बरीच वर्षं भजनी मंडळाकडे होता. परत आला तो चॉकलेटी ऑइल पेंट फासून. ताणायच्या चामडी वादीखाली रंग पोचला नाही तिथे लालसर लाकूड दिसतंय. खैर की शिसव, कळत नाही. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला न्यायचाय. तोंडावरच्या चामडी पुड्या बदलायच्याच आहेत, तर रंग काढून पॉलिशही करावं म्हणतो. हार्डवेअरवाला थिनर घ्या म्हणाला. घरी जमेल का?

सातपूरचा सुतार
जमेल. पण थिनर राहू द्या, रंग नुसता मऊ होऊन लाकडाच्या रेषांत उतरतो. पेंट रिमूव्हर आणा, जाडसर लावा, रंगाला सुरकुत्या पडल्या की बोथट पट्टीने ओढून काढा. गच्चीवर करा, रबरी हातमोजे घालून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमचा रंग त्याआधीचा असेल तर कोरडा घासू नका, पोरांना जवळ फिरकू देऊ नका. हीट गनही नको. शिशाचा त्रास आहेच, वर खोड तडकतं.

उरलेलं काचेने. खिडकीची फुटकी काच घ्या, ताज्या धारेने खरवडा. पखवाज पोटाला फुगीर, म्हणून हात नेहमी पोटाकडून तोंडाकडे. उलटा फिरवलात की रेषा उचकटतात. नीट चाललं तर कांद्याच्या सालीसारखी पातळ साल निघते. भुसा निघायला लागला की धार गेली, काच बदला. मग १२० चा पॉलिश पेपर, शेवटी २२०.

काठाला मात्र पेपर लावायचा नाही. पुडी तिथे बसते, काठ गोलावला तर सूर लावताना रडाल. आतल्या बाजूलाही हात नको.

टाळमृदंग
काकांशी सहमत, विशेषतः काठाबद्दल. वादी कापू नका हो, सोडवून ठेवा, चांगली असेल तर परत कामाला येते. हल्ली सगळे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून आणतात, आरशासारखं चकाकतं. पण गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, खोडावर घासतात, वरून सूर लावायची हातोडी. पीयूचा पापुद्रा एकदा सुटला की डाग बुजवता येत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा, घासलं तिथे पुन्हा हात मारता येतो. आवाजाची काळजी नको, पातळ पॉलिशने फरक पडत नाही. आवाज पुडीत, तिच्यावरच्या काळ्या शाईत आणि धुम्याच्या, म्हणजे डाव्या तोंडाच्या, कणकेत.

मखमलाबादकर
आभारी आहे माउली. लाख आत्ताच लावू का? आणि काठाजवळ बोटभर उभी चीर आहे.

सातपूरचा सुतार
आत्ता आषाढात? लाख दमट हवेत पांढरी पडते. रंग आता काढून ठेवा, लाख दिवाळीनंतर. सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करा, पातळ हात, एक वाळला की दुसरा. ब्रशने जाड थापू नका.

चीर आधी पुडीवाल्याला दाखवा. आरपार असेल तर वादी ताणल्यावर उघडणार, वरून लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही. वरवरची असेल तर त्याच लाकडाचा भुसा ॲराल्डाईटमध्ये कालवून भरा. भुसा आतापासूनच डबीत जमवा, पण रंग पूर्ण निघाल्यानंतरचा.