एल सोफा घेण्याआधी जमिनीवर पेपर अंथरा

१० बाय १४ फुटांच्या हॉलला एल सोफा (इंग्रजी L च्या आकाराचा) की सुटा सेट, असा प्रश्न इथे कुणीतरी विचारलाय आणि बहुतेकांनी एलच सुचवलाय. माझं मत उलट. एल एकदा कोपऱ्यात बसला की बसला. गणपतीत मखराला जागा हवी, पाहुण्यांच्या गाद्या घालायच्या, तेव्हा तो सरकवणार कुठे? तिघांची बैठक आणि दोन हलक्या खुर्च्या पुरेत.

शोरूममध्ये सगळंच लहान दिसतं. सोफ्याचं माप (पुढून मागेपर्यंतच जवळपास ३ फूट असतं!) जुन्या पेपरांनी जमिनीवर आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. टीपॉयपर्यंत दीड फूट उरत नसेल तर नाद सोडा. लिफ्टचं दारही मोजा. आमचा सोफा चार मजले जिन्याने चढला; तिसऱ्या वळणावर सोफ्याच्या हाताचं पॉलिश असं सोललं की अजून त्यावर टॉवेल टाकलेला असतो.

बैठकीचा फोम ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनतेचा; आकडा जास्त तितका फोम भरीव) मागा. ३२ चा पाठीला चालतो, बसायला लवकर दबतो.

टीव्ही युनिट पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) नकोच. रोजच्या फरशी पुसण्याने खालची कड पापडासारखी फुगते. सुताराकडून करणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का स्वतः बघा, आणि युनिटला चार इंची पाय लावून घ्या. केरसुणी तरी आत जाईल.