धूर मारला की डास पडतात आणि पुन्हा उठतात. औषध बदलू का?

मुलुंडचा_सचिव:
सोसायटीत पंधरा दिवसांनी सायफेनोथ्रिनची धूरफवारणी होते. डास पडतात, तासाभरात परत उडतात. कंत्राटदार म्हणतो, डेल्टामेथ्रिन मारू. उपयोग होईल?

अळीवर_नजर:
नाही हो. डबा वेगळा, कूळ तेच: पायरेथ्रॉइड. घरातल्या लिक्विड मशीनमधलं ट्रान्सफ्लुथ्रिनही त्याच कुळातलं, म्हणजे डासांची तालीम वर्षभर चालूच आहे.

पडून उठतात, म्हणजे औषध पोचतंय. एकतर मिश्रण पातळ आहे, नाहीतर डास ते पचवतायत. खात्री प्रयोगशाळेतच होते. 3 ते 5 दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या, एका नळीत 20-25, औषध लावलेल्या कागदासोबत एक तास. मोजायचं मात्र 24 तासांनी. लगेच मोजलं तर नुसते बेशुद्ध पडलेलेही मेलेल्यांत धरले जातात. 98 टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतंय, 90 पेक्षा कमी तर प्रतिकार पक्का. मधला आकडा आला तर चाचणी पुन्हा. तुलनेसाठी बिनऔषधी कागदाची नळी शेजारी हवीच.

मुलुंडचा_सचिव:
मग मॅलाथिऑन? टाकीत अळ्या मारायला टेमेफॉस टाकतोच आहोत.

अळीवर_नजर:
तिथेच गोची आहे. दोन्ही एकाच कुळातली: ऑर्गनोफॉस्फेट. अळीपणी एक, मोठेपणी दुसरं, मारा एकाच जागी. धुराला मॅलाथिऑन घेतलंत तर पाण्यात बीटीआय, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक, वापरा. ते अळीच्या पोटात जावं लागतं. कोष काही खात नाही, म्हणून कोष दिसायच्या आत, दर आठवड्याला. डायफ्लुबेन्झुरॉन (अळीची वाढ रोखणारं औषध) वापरलंत तर दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना दिसतील, कंत्राटदाराशी भांडू नका. त्या कात टाकताना मरतात.

गच्चीवाली_ताई:
टेमेफॉसचं मापही बघा. एक टक्क्याची दाणेदार पूड 100 लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला 100. वॉचमन 'मूठभर' टाकतो, त्या अर्धवट मात्रेतून दणकट अळ्याच तेवढ्या उरतात.

त्यापेक्षा टाकीचं झाकण घट्ट करा आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. शहरी मलेरियाचा डास, अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी, तिथेच वाढतो. डेंग्यूच्या एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, म्हणून पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून काथ्यानं घासायचं. पावसाळ्यात गच्चीवरच्या निळ्या ताडपत्रीचे खोलगट भाग आणि लिफ्टचा खड्डा आधी तपासा. धुराचं मशीन तिथे पोचत नाही.