मदत हवी आहे : डिसेंबरातील बाळंतपणासाठी बाळाची तयारी

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण डिसेंबरात आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातील गावी व्हायचे आहे. आई हयात नसल्यामुळे बाळंतविड्याची सगळी तयारी माझ्याकडे आली आहे आणि काही राहून जाऊ नये, याची मला फार काळजी वाटते.

जुन्या सुती लुगड्यांची 10 दुपटी आणि 24 लंगोट शिवून, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवले आहेत. झबली, टोपडी, पायमोजेही तयार आहेत. पहिले 6 महिने आईचेच दूध द्यायचे असल्याने बाटली किंवा मधाची कुपी आणलेली नाही. काजळही नको, असे आशाताईंनी सांगितले आहे, आणि ते मला पटते.

खरी अडचण थंडीची आहे. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे कडाक्याचा गारठा असतो, घर कौलारू आहे, आणि शेजारच्या आजी खाटेखाली शेगडी ठेवण्याचा आग्रह धरतात. मात्र बंद खोलीतील धूर बाळाच्या व बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून मला ते मान्य नाही. वजन अडीच किलोपेक्षा कमी भरल्यास बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी, हे मला माहीत आहे. पण रात्रभर हे कसे सांभाळावे? थंडीत लंगोट वाळत नाहीत, तेव्हा आणखी किती शिवावेत? दवाखान्यात जाताना पिशवीत नेमके काय न्यावे? ज्यांनी खेड्यात हिवाळी बाळंतपण केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.