सीट उसवायला घेतलीय, आत्या जरा बघ

मी: सगळ्यांना सांगायचं राहिलं. आप्पांच्या जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या सीटा मी घरीच शिवायच्या ठरवल्यात. काल ड्रायव्हरची सीट रुळावरून काढली. चढ-उतार करताना घासतो त्या बाजूला रेक्झिन फाटलंय आणि मधल्या पन्हळी, म्हणजे शिवून केलेल्या फुगीर पट्ट्या, शिलाईपाशी तडकल्यात. फोटो टाकलेत. आत्या, जरा बघ.

आत्या: बघितले. कात्री लावली नाहीस ना अजून?

मी: नाही.

आत्या: मग लावूच नकोस. बारीक ब्लेड घेऊन एकेक टाका काप. फाटकं असलं तरी तोच तुझा नमुना आहे. आणि उसवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहून ठेव, डावा की उजवा, पुढची कड कुठली. जोडावर दर ८-१० सेंटीमीटरवर दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एकच आडवी रेघ मार. नवीन कापताना त्या रेघा उतरवून घे. शिवताना रेघेला रेघ भिडली की वळणावर माल सरकत नाही.

दादा: एवढा खटाटोप कशाला? वरून तयार कव्हर चढवलं की झालं.

काका: नाही रे. वरचं झाकशील, पण आत काय झालंय ते कसं कळणार? या गाडीच्या गादीत काथ्या आहे. काथ्याला रबराने बांधून ठेवलेलं असतं. ते रबर वाळलं की काथ्याचा भुगा व्हायला लागतो. सीटखाली तपकिरी पूड पडत असेल बघ.

मी: हो काका, मूठभर निघाली!

काका: मग तोंडाला मास्क लावून काम कर. आणि कव्हर कसं अडकवलंय ते सोडवायच्या आधी सगळ्या बाजूंनी टिपून ठेव. फ्रेमला बारीक दाते असतील, ते जास्त वेळा वाकवलेस तर तुटतील.

मी: तेच आहे. खालून दाते, आणि काही ठिकाणी तारेच्या कड्या. कड्या पक्कडने कापल्या, नवीन घालतो. आत आधी काथ्याची गादी, मग गोणपाट, मग स्प्रिंगा. एक स्प्रिंग कडेच्या तारेपासून सुटलीय. काथ्या दाराच्या बाजूला पार बसलाय, आतल्या बाजूला चांगला आहे.

काका: दाराच्या बाजूला बसणारच, गाडीत शिरताना सगळा भार तिथेच पडतो. स्प्रिंग तारेने घट्ट बांध. फ्रेमचा गंज तारेच्या ब्रशने काढून रंग दे आणि रंग पूर्ण वाळू दे.

दादा: मग काथ्या काढून सगळाच फोम घाला की. मऊ होईल.

काका: स्प्रिंगांवर थेट फोम ठेवलास तर तारा हळूहळू फोम कापत आत शिरतील. आधी जाड गोणपाट ताणून बांधायचं, म्हणजे भार सगळ्या स्प्रिंगांवर वाटला जातो. त्यावर काथ्याची गादी. नवीन गादी मिळाली तर तीच घाल. वरून पातळ फोमचा एक थर चालेल, त्याने काथ्याची टोकं रेक्झिनला टोचत नाहीत. सगळाच फोम घातलास तर बसायची उंची बदलेल, आणि या गाडीत बसल्यावर गुडघे स्टीअरिंगपासून किती लांब राहतात ते अंगात बसलेलं असतं.

वहिनी: चामडं नाही का लावायचं? छान दिसेल.

काका: दिसेल, पण या गाडीला रेक्झिनच होतं. शिवाय एकाच चामड्यात पाठीकडचा भाग घट्ट आणि पोटाकडचा ताणणारा असतो. कुठला तुकडा कुठून कापायचा हे कळायलाच वेळ जातो. जाता जाता सांगतो, रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचं नाव. तेव्हा कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर द्यायचे. आताचं पीव्हीसी आहे, नाव मात्र तेच राहिलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हा-तापात ते उडून जातं, म्हणून जुनं रेक्झिन कडक होऊन तडकतं.

आत्या: यंत्राला १८ नंबरची सुई लाव. दोरा पॉलिस्टरचा जाड घे, सुती नको, तो कुजतो. टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेव. बारीक टाके मजबूत वाटतात, पण रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि त्याच रेघेवर ते टपालाच्या तिकिटासारखं फाटतं. टाचण्याही नकोत, भोक कायमचं राहतं. कपड्यांचे चिमटे लाव.

मी: आणि पायपिंगला, कडेच्या दोरी घातलेल्या गोटाला?

आत्या: यंत्राला झिप लावायचा फूट बसव, म्हणजे सुई दोरीला चिकटून जाते. कोपऱ्यावर चार पदर येतील तिथे मोटर चालवू नकोस, चाक हाताने फिरव.

(नऊ दिवसांनी)

मी: ड्रायव्हरच्या सीटचं खालचं कव्हर शिवून चढवलं. मधोमध सुरकुत्या आल्यात, आणि पन्हळींचा तुकडा रुंदीला कमी पडला म्हणून बाजूच्या पट्ट्या ओढून घ्याव्या लागल्या. जुन्या तुकड्यांवरून तंतोतंत कापलं होतं. फार वाईट वाटतंय.

आत्या: वाटणारच रे बाळा. पण शिलाई सरळ आलीय, ते काम फुकट गेलेलं नाही. यात दोन गोष्टी झाल्यात. पन्हळ शिवली की प्रत्येक रेघेला थोडा माल आत जातो, म्हणून आधी मोठ्या तुकड्यावर सगळ्या पन्हळी शिवायच्या आणि मगच तो मापाने कापायचा. दुसरं म्हणजे, जुनं रेक्झिन इतक्या वर्षांत सैल झालंय. त्यावरून आकार घ्यायचा, माप घ्यायचं ते भरलेल्या गादीवरून. गादीवर कागद पसर, कडा बोटाने दाबून उमटव आणि जुन्या तुकड्याशी ताडून बघ. कव्हर गादीपेक्षा कणभर लहानच हवं, ताण त्यातूनच येतो.

मी: ताडून बघितलं. जुना तुकडा लांबीला जवळजवळ दीड सेंटीमीटर जास्त भरला!

आत्या: मिळालं की उत्तर. आणि नवीन माल कापायच्या आधी हाताने उभा-आडवा ओढून बघ, एका दिशेला जास्त ताणतो. दोन्ही सीटांचे तुकडे एकाच दिशेने काप. चढवताना गादीवर पातळ प्लास्टिकची पिशवी घाल, कव्हर घसरत जाईल. मग पिशवी ओढून काढ. शेवटी केस वाळवायच्या ड्रायरने लांबून ऊब दे आणि मधून कडेकडे तळव्याने चोळत जा.

(पाच दिवसांनी)

मी: बसलं! फोटो बघा. कोपऱ्यावरची पायपिंग पुढच्या कडेशी बरोबर जुळलीय. आता मागची सीट उचलली, तर खाली बॅटरीवर रबराचा एक तुकडा सुतळीने बांधलेला आहे. कडा कात्रीने गोल केल्यात. काढून टाकू का?

काका: थांब! तो आप्पांनी बांधलाय. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखालीच असते. मागे वजनदार माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा दबून बॅटरीच्या टोकांना लागू शकतात. तसं झालं की ठिणगी पडते, आणि वर सगळा वाळका काथ्या. आमच्या लहानपणी एकदा मागे आम्ही तिघं आणि दोन मोठी माणसं बसलो होतो, जळका वास आला. आप्पांनी गाडी थांबवून आधी आम्हाला खाली उतरवलं आणि सीट उपटून रस्त्यावर टाकली. हा रबराचा तुकडा त्याच रात्री बसवला.

आत्या: मला तो वास अजून आठवतो.

मी: रबराला चिरा पडल्यात काका.

काका: मग त्याच्यावर विसंबू नकोस. आधी बॅटरीची तार सोडव. तो तुकडा कागदावर ठेवून आखून घे, त्याच मापाचं जाड नवीन रबर काप आणि दोन्ही टोकं पूर्ण झाकली जातील असं बांध. सीट बसवल्यावर तू स्वतः मागे जोर देऊन बस आणि दादाला खालून टॉर्चने बघायला सांग.

दादा: रविवारी सकाळी येतो.

आत्या: सुतळीची गाठ कापू नकोस, सोडव. जुनं रबर माझ्यासाठी ठेव.