‘वेलकम टू द डॉलहाउस’ पाहताना हसायचे कुठे?

विश्रामबागकर (सांगली)
टॉड सोलोंझ यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘वेलकम टू द डॉलहाउस’ (१९९५) परवा रात्री पाहिला. न्यू जर्सीच्या एका उपनगरात राहणारी डॉन वीनर सातवीत शिकते. शाळेत तिला सगळे ‘वीनर-डॉग’ म्हणतात. सुरुवातीलाच ती जेवणाचा ट्रे घेऊन शाळेच्या भोजनगृहात उभी असते आणि कोणाजवळ बसावे हे तिला कळत नाही. मला तिथे हसू आले आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. या चित्रपटाला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हटले जाते, १९९६ च्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिकही मिळाले. परंतु एका पोरीच्या छळाला विनोद का म्हणायचे, हे मला उमगलेले नाही. माझी मुलगी यंदा सातवीतच आहे. तिला तो दाखवावा का, हेही विचारायचे आहे.

गोडोलीकर (सातारा)
मी बरीच वर्षे सातवीच्या वर्गाला मराठी शिकवतो, त्यामुळे आडनावाची चेष्टा मला नवी नाही. लांब अंगाच्या, आखूड पायांच्या त्या कुत्र्याचे नाव डॉनच्या आडनावातून जसे निघते, तशी आपल्याकडची निम्मी आडनावे पोरांच्या तोंडी काय होतात, हे वर्गशिक्षकाला विचारा. मात्र या चित्रपटाचे खरे धाडस पुढे आहे. शाळेत जो शब्द आपल्या अंगावर फेकला जातो, तोच शब्द डॉन घरी येऊन धाकट्या मिसीवर फेकते, तिच्या बाहुलीचे मुंडके करवतीने कापते, आणि स्वतःच्या एकुलत्या एक मित्रालाही घालूनपाडून बोलते. छळ सोसणारे मूल गुणी असलेच पाहिजे, अशी आपली एक गोड समजूत असते. सोलोंझ ती मोडतात.

हसण्याबद्दल म्हणाल तर मी थोरल्या भावापाशी हसलो. मार्क बँड काढतो, तो संगीताच्या ओढीने नव्हे, तर कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर चांगले दिसावे म्हणून, आणि त्यात स्वतः क्लॅरिनेट वाजवतो. मुलांना प्रमाणपत्रांसाठी स्पर्धा-परीक्षांना बसवणाऱ्या आपल्यासारख्या पालकांना ही थट्टा न्यू जर्सीची वाटणार नाही.

मिरजेची वाचक
विश्रामबागकर, आपला प्रश्न रास्त आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ उभे केले; त्या जुन्या नाटकांत विदूषक असे आणि तो आला की हसायचे, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. सोलोंझ विदूषक ठेवतच नाहीत, त्यामुळे हसल्याची जबाबदारी आपल्यावर येते.

मला स्वतःला शाळेपेक्षा घर अधिक भयंकर वाटले. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पार्टीसाठी अंगणातले खेळघर पाडायला डॉन नकार देते, तेव्हा आई तिच्या वाट्याचा केक तिच्यादेखत दोन भावंडांना वाटून टाकते. कोणी हात उगारत नाही, आवाजही फारसा चढत नाही. पुढे मिसीला पळवून नेले जाते आणि डॉन तिला शोधायला एकटी न्यूयॉर्कला जाते. घरी मात्र तिच्या नसण्याची कोणाला फारशी दखल नसते. हीदर मॅताराझो या मुलीने हे सगळे दयेची याचना न करता साकारले आहे, म्हणूनच ते सोसवत नाही.

गोडोलीकर (सातारा)
केकचा प्रसंग मी विसरलोच होतो, आपण तो नेमका हेरलात. तरी एक तक्रार नोंदवतो: आई इतकी एकरंगी आहे की ती माणूस कमी आणि दिग्दर्शकाचा राग जास्त वाटते. मिसीही सतत बॅलेच्या झग्यात गिरक्या घेते. डॉनला जो न्याय मिळाला, तो या दोघींना मिळालेला नाही.

मुलीबद्दल म्हणाल तर एवढ्यात दाखवू नका. ब्रँडन हा वर्गातला मुलगा डॉनला बलात्काराची धमकी देतो आणि पुढे त्याच दोघांत एक विचित्र जवळीक निर्माण होते. हे समजून घ्यायला तेरावे वर्ष अपुरे आहे. अमेरिकेतही सतरा वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबतच चित्रपटगृहात सोडावे, अशा वर्गात तो मोडतो.

विश्रामबागकर (सांगली)
दोघांचेही आभार. काल रात्री पुन्हा पाहिला तेव्हा मार्कच्या एका उत्तराला मोकळेपणाने हसलो. पुढच्या वर्गात गेल्यावर तरी त्रास थांबेल का, असे डॉन विचारते, तेव्हा मुले नावे ठेवतातच, फक्त पुढे पुढे तोंडावर कमी ठेवतात, अशा अर्थाचे काहीतरी तो अगदी शांतपणे सांगतो. आमच्या कार्यालयातही नेमके असेच चालते.

मुलीला दाखवणार नाही, हे ठरले आहे. मात्र पहिला प्रसंग चालू असताना ती पाणी प्यायला उठली आणि माझ्या खुर्चीमागे थोडा वेळ उभी राहिली. “बाबा, तिला बसायला जागा मिळाली का?” असे तिने विचारले. मी “मिळाली” म्हणालो आणि शेजारी कोण बसले होते ते सांगितले नाही.